नाव खोऱ्याचे, हक्क कष्टकऱ्याचा



मुंबईने तुम्हा-आम्हाला दोन नावे दिली. घाटावरून आला तो घाटी आणि घाटाखालून आला तो कोकणी. त्यातले पहिले नाव तर सरळ शिवी म्हणूनच वापरले गेले. नळावर, ट्राममध्ये, शेठजीच्या पेढीवर, कुठे कुठे म्हणून ते ऐकावे लागले नाही? पण शिवी देणाऱ्या शहाण्याला हे ठाऊक नव्हते की तो आपल्याला आपला पत्ताच सांगतो आहे. घाट म्हणजे डोंगर चढायची-उतरायची वाट. घाटी म्हणजे ती वाट तुडवून आलेला माणूस. डोक्यावर बोचके घेऊन सह्याद्री उतरला, खात्यात उभा राहिला, बारा-बारा तास साचा चालवला, तो घाटी. यात शरम कसली? शरम वाटायचीच असेल तर ती त्याच्या घामावर माड्या बांधणाऱ्याला वाटावी.

या शब्दावर आम्ही इतके का अडून बसलो, असे कुणी विचारील. अडून बसायला कारण आहे. आपल्या गावांची, खिंडींची, खोऱ्यांची नावे ही कष्टकऱ्याने जमिनीवर उमटवलेला अंगठा आहे. सातबारा नंतर आला, तलाठीही नंतर आला. त्याआधी माणसाने जमीन पायाखाली घातली, पाणी कुठून येते ते पाहिले, आणि जसे दिसले तसे नाव ठेवले. ते नाव पुसले की अंगठा पुसला. आणि अंगठा पुसला की मालक बदलायला वेळ लागत नाही.

दाखला म्हणून नागोठण्याचे खोरे घ्या. रायगड जिल्ह्यात, रोहे तालुक्यात, अंबा नदीच्या काठी हे गाव आहे. तुमच्यापैकी पुष्कळांची एस.टी. तिथून गेली असेल आणि झोपेत गावही निघून गेले असेल. आज जरा जागे राहून पाहा.

वर सह्याद्रीचा माथा. तिथून तेलबैलाच्या बाजूने दोन जुन्या वाटा खाली सुधागडाकडे उतरतात. एक सवाष्णी घाट, दुसरी वाघजाई घाट. या वाटांनी घाटमाथ्यावरचा माल बैलांच्या आणि माणसांच्या पाठीवरून खाली यायचा आणि नागोठण्याच्या बंदरात पडावात चढायचा. बंदर म्हणतो ते उगीच नव्हे. समुद्र लांब असला तरी भरतीचे पाणी धरमतरच्या खाडीतून अंबेच्या पात्रात नागोठण्यापर्यंत चढते. म्हणून वरून उतरलेली वाट आणि खालून चढलेले पाणी यांची गाठ इथे पडली आणि पेठ वसली. सोळाव्या शतकातला दगडी पूल इथे आहे, तो कुणी हौसेने बांधला नाही. रहदारी होती म्हणून बांधला.

आता गावाभोवतीच्या वाटा बघा. दक्षिणेला कोलाडकडे जायचे तर सुकेळी खिंड. रोह्याकडे वळायचे तर भिसे खिंड. खिंड म्हणजे डोंगराच्या धारेला पडलेली फट, जिथून चढ कमी लागतो. आणि वर, याच अंबेच्या खोऱ्याच्या तोंडाशी, खोपोली-पालीच्या अंगाला, उंबरखिंड. झाड उंबराचे आणि जागा खिंडीची, दोन शब्दांत सगळा नकाशा. १६६१ च्या फेब्रुवारीत मोगलांचा सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन बोरघाटाच्या बाजूने कोकणात उतरत होता. त्याच्याजवळ तोफा होत्या, खजिना होता, पण जमिनीची ओळख नव्हती. शिवाजीमहाराजांच्या मावळ्यांना ती होती. पुढची वाट अडवली, मागची वाट अडवली, दोन्ही अंगांच्या रानातून मारा केला. खानाला शरण येऊन, सामान टाकून परत जावे लागले. आपण अजून म्हणतो ना, 'खिंडीत गाठला'? तो शब्द कुठल्या पंडिताने खोलीत बसून केलेला नाही. तो अशा जागी तयार झाला.

त्याच्या आदल्याच वर्षी, १६६० च्या जुलैत, विशाळगडाच्या वाटेवर बाजीप्रभू देशपांडे पडले. त्या जागेचे नाव घोडखिंड होते. लोकांनी ते पावनखिंड केले. नाव बदलले, पण 'खिंड' तशीच ठेवली, हे ध्यानात घ्या. लोक नाव बदलतात तेव्हा जमिनीचा शब्द मारीत नाहीत. त्याच्या पुढे आपले रक्त लावतात.

खालच्या अंगाला चला. नागोठण्याच्या खाली खाडीचा मुलूख लागतो. इथे नावांत 'खार' ऐकू येतो. पेण-अलिबागच्या बाजूचा खारेपाट, पाताळगंगेवरचा खारपाडा. खार म्हणजे खाऱ्या पाण्याखालची जमीन, जी माणसाने बांध घालून समुद्राकडून मागून घेतली. चिखलात उभे राहून बांध घालायचा, उघाडी बसवायची, गोडे पाणी बाहेर सोडायचे आणि खारे आत येऊ द्यायचे नाही. पावसाच्या पाण्याने वर्षानुवर्षे मीठ धुऊन गेले म्हणजे भात उभे राहायचे. एका बांधाला भगदाड पडले की सगळ्यांचे पीक गेले, म्हणून बांध राखायला सारे गाव लागायचे. ही जमीन देवाने दिलेली नाही, माणसाने केलेली आहे. पण पिकाचा वाटा कोण न्यायचा? खोत. म्हणून तर नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली चरीच्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमीन कसायचे नाकारले. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे बिल कायदेमंडळात मांडले आणि शेवटी १९४९ च्या कायद्याने खोती गेली. खोताचे नाव कागदावर होते. खार हे नाव मात्र बांध घालणाऱ्याच्या तोंडी होते. शेवटी कोण टिकले?

आता घाट चढून वर जाऊ. आपल्या सातारकर, पुणेकर, जुन्नरकर बांधवांचा मुलूख. पुण्याच्या पश्चिमेला बारा मावळ आणि जुन्नरच्या अंगाला बारा नेर, असा जुना हिशेब आहे. मावळ म्हणजे सूर्य मावळतो त्या बाजूचा खोऱ्यांचा प्रदेश. पवनेचे खोरे ते पवन मावळ, मुठेचे ते मुठे खोरे, मोसेचे ते मोसे खोरे. उत्तरेला भीमेचे भीमनेर, भामेचे भामनेर, घोड नदीचे घोडनेर. नदीचे नाव आधी आणि खोऱ्याचा शब्द मागून. याचा अर्थ काय? आपल्या पूर्वजांनी मुलूख तोडला तो पाण्याच्या धारेवर. एक नदी, तिच्या दोन बाजूंच्या दोन डोंगरधारा, मधली सगळी गावे मिळून एक खोरे. आजचे इंजिनिअर ज्याला पाणलोट क्षेत्र म्हणतात ते आपल्या आजोबांच्या तोंडी आयते होते.

आणि शब्द तरी किती! रुंद ते खोरे, खोल ती दरी, अरुंद ती घळ, डोंगरातून सरळ खाली घसरणारी ती नाळ, धारेतली फट ती खिंड, चढायची वाट तो घाट. शिवथरघळ म्हटले की घळच डोळ्यांपुढे येते, तिथे दरी म्हणून चालत नाही. ज्याला डोंगरात रोज सरपण आणायला जायचे आहे त्यालाच एवढे बारीक शब्द लागतात. गाडीत बसून जाणाऱ्याला एक 'व्हॅली' पुरते.

इंग्रज साहेबाचे तसेच झाले. त्याने वाट विचारली, आपल्या माणसाने 'घाट' म्हणून सांगितले, आणि साहेबाने अख्ख्या डोंगरालाच 'घाट' करून टाकले! डोंगराचे नाव सह्याद्री. घाट म्हणजे त्यातल्या वाटा. आज जगभरच्या पुस्तकांत 'वेस्टर्न घाट' छापले जाते, २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीतही त्याच नावाने नोंद झाली, आणि आपल्या शाळेतली पोरे त्याचे उलटे भाषांतर 'पश्चिम घाट' असे पाठ करतात. आपलाच शब्द, आपल्यालाच उलटा करून शिकवला. साहेब गेला, त्याची चूक राहिली.

पण ही नुसती पुस्तकातली चूक असती तर आम्ही सभेच्या मांडवात हा विषय आणला नसता. नाव पुसले जाते तेव्हा त्याच्या मागोमाग काय जाते, ते तुमच्या साच्यालाच विचारा.

मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. ती सह्याद्रीतल्या पाण्यातून काढायचे टाटा कंपनीने ठरवले. १९१५ साली खोपोलीचे, १९२२ साली भिवपुरीचे आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. भिऱ्याच्या विजेसाठी वर मुळशीला धरण बांधले. मुळा-निळेच्या खोऱ्यातली सुमारे पन्नास गावे त्यात गेली. १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. बायका कामावर जाऊन आडव्या पडल्या. पांडुरंग महादेव बापट तुरुंगात गेले आणि तिथूनच लोकांनी त्यांना सेनापती म्हटले. हेच सेनापती बापट पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही उभे राहिले. पण धरण झाले. जे पाणी भीमेतून पूर्वेला जायचे ते बोगद्यातून पश्चिमेला फिरवले, भिऱ्याला कोसळले, आणि आज कुंडलिकेतून कोलाड-रोह्यावरून समुद्राला मिळते.

आता हिशेब मांडा. खोरे बुडाले मावळ्याचे. त्या पाण्याच्या विजेवर साचा फिरला मुंबईत. साच्यापाशी उभा राहिला तोही मावळ्याचाच पोरगा. नफा कुणाच्या पेटीत गेला ते तुम्हाला सांगायला नको. आणि बुडालेल्या शेतांची, ओढ्यांची, देवराईची नावे? ती तलावाच्या तळाला गेली. नकाशावर एक निळा ठिपका राहिला.

याच मावळातल्या मोसे खोऱ्याची पुढची गोष्ट ऐका. वरसगाव धरणाच्या कडेने, दासवे-मुगावच्या डोंगरावर, या शतकाच्या सुरुवातीला एक शहर उभारायला घेतले. नाव ठेवले लवासा. कुठल्याही मराठी शब्दकोशात हा शब्द काढून दाखवा! त्याला नदी नाही, झाड नाही, देव नाही, माणूस नाही. असे नाव का शोधतात? ज्या नावाला मागचे-पुढचे काही नसते त्याच्यावर मागचा-पुढचा कुणी हक्क सांगत नाही म्हणून. तिकडे आंबवणे गावाशेजारी 'अँबी व्हॅली' झाली. खोरे म्हटले की त्यात राहणारा माणूस दिसतो. व्हॅली म्हटले की फाटक आणि पहारेकरी दिसतो.

मराठीत खोरे या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक नदीचे खोरे आणि दुसरे माती ओढायचे हत्यार. शेतकरी खोऱ्यात खोऱ्याने माती ओढतो. हे लोक खोरे बळकावून खोऱ्याने पैसा ओढतात. एवढाच फरक!

"हे सगळं गावाकडचं झालं, आम्ही तर पिढ्यान् पिढ्या परळ-लालबागला," असे कुणी म्हणेल. मग आपल्या दाराशीच पाहा. चिंचपोकळी हे नाव रोज तोंडात येते. त्याचा अर्थ कधी मनात आला? चिंचांची पोकळी. चिंचेची झाडे असलेली खोलगट जागा. मुंबईच्या पोटातली ही खरीखुरी दरी. पलीकडे डोंगरी, म्हणजे टेकडी. उमरखाडी, म्हणजे उंबराची खाडी. पायधुनी, जिथे ओहोटीच्या पाण्यातून चालत आल्यावर लोक पाय धूत. वरळीचा बांध अठराव्या शतकाच्या अखेरीस पडला, त्याआधी महालक्ष्मीच्या बाजूने भरती आत घुसायची आणि भायखळ्यापर्यंतची जमीन पाण्याखाली जायची. त्या सखल, दलदलीच्या, भराव टाकलेल्या जमिनीवर पुढे गिरण्या उभ्या राहिल्या आणि गिरण्यांभोवती आपल्या चाळी. १९५५-५६ साली मोठमोठे लोक विचारत होते, मुंबईशी मराठी माणसाचा संबंध काय? उत्तर या नावांत होते. या बेटांवरची टेकडी कुठली, खाडी कुठली आणि पोकळी कुठली, हे ज्याने आपल्या भाषेत सांगितले त्याने ही जमीन पायाने मोजलेली होती. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला, त्याआधी शंभराहून अधिक माणसांनी जीव दिला, त्यांत गिरणगावचे कामगार होते.

आता कुणी तडक विचारील, "अहो, नावानं काय पोट भरतं काय?" प्रश्न रास्त आहे. टाळणार नाही.

पोट भरत नाही. पण जीव वाचू शकतो आणि हक्कही वाचू शकतो. पोकळी म्हणजे पाणी साचणार, हे नावच सांगते. दर पावसाळ्यात हिंदमाताला कंबरभर पाणी तुंबते तेव्हा नवे साहेब आश्चर्य करतात. जुन्या जमिनीला विचारले असते तर तिने आधीच सांगितले असते. आमच्या अंबेच्या खोऱ्यात १९८९ च्या जुलैत नदी फुगली आणि जांभूळपाडा धुऊन गेले. २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यात तळीयेवर दरड कोसळली, २०२३ च्या जुलैत खालापूर तालुक्यात इरसालवाडी गाडली गेली. नुसत्या शब्दाने डोंगर थांबत नाही, हे आम्हालाही समजते. पण कोणता ओहोळ पूर्वी कुठून वाहायचा, कोणत्या कड्याखाली म्हातारी माणसे गोठा बांधू देत नसत, हे ज्ञान त्या बारक्या-बारक्या नावांतच साठवलेले असते. सरकारी नकाशात ती नावे नाहीत. आजी गेली की तीही गेली.

आणि हक्काचे म्हणाल तर १८ जानेवारी १९८२ आठवा. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप कधी मागे घेतला असे कुणी जाहीर केले नाही, गिरण्या मात्र बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले. एक मुंबईसाठी, एक घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची राहिली. जिथे गिरणी उभी होती ती जागा वाटणीतून सुटली. मग टोलेजंग इमारती आल्या, आणि त्यांच्या दलालांना 'लोअर परळ' म्हणायला लाज वाटू लागली. 'लोअर' म्हणजे खालचे ना! त्यांनी त्याचे 'अप्पर वरळी' केले. जमीन तीच, पोकळी तीच, पावसात तुंबणारे पाणीही तेच. पण परळ म्हटले की भोंगा आठवतो, मोर्चा आठवतो, कामगार आठवतो. ते आठवू नये म्हणून हे नवे बारसे. आणि ज्यांनी ती जमीन घामाने भिजवली त्यांना घरे कुठे देऊ केली? शेलूला आणि वांगणीला. २०२५ च्या जुलैत आझाद मैदानावर कामगार आणि वारस जमले ते हेच सांगायला, की आम्हाला घर मुंबईत हवे.

इथे आपल्याच लोकांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. २०१८ साली एलफिन्स्टन रोडचे प्रभादेवी झाले. २०२४ साली करी रोडचे लालबाग, सँडहर्स्ट रोडचे डोंगरी, कॉटन ग्रीनचे काळाचौकी करण्याचा ठराव राज्य सरकारने केला. चांगले झाले, साहेबांची नावे जावीत आणि लोकांच्या तोंडची यावीत. पण फलकावर लालबाग आणि लालबागेत लालबागकर नाही, असे झाले तर तो फलक कसला, ती तर थडग्यावरची पाटी. नाव राखायचे ते माणूस राखण्यासाठी. नुसती पाटी बदलून हार घालून घेणाऱ्या पुढाऱ्याला हा प्रश्न भर सभेत विचारा: नाव दिलेस, घर कधी देतोस?

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे.

पहिले, ग्रामस्थ मंडळांनी कामाला लागावे. गिरणगावात चाळी-चाळीतून गावोगावची मंडळे आहेत. भंडारा होतो, पूजा होते, भांडीकुंडी आहेत. आता एक वही घाला. गावातली प्रत्येक खिंड, घळ, ओहोळ, कोंड, खाचर, वरकस, देवराई, पाणवठा यांची नावे म्हाताऱ्या माणसांना विचारून त्या वहीत उतरवा. बायकांना आधी विचारा, पाणी आणि सरपण त्यांनीच आणले.

दुसरे, ही नावे ग्रामसभेत ठराव करून दप्तरात घालायला लावा. मोजणीच्या नकाशावर, रस्त्याच्या फलकावर, धरणाच्या पाटीवर गावचे नाव मराठी उच्चाराप्रमाणे असले पाहिजे.

तिसरे, जमीन घेऊन नवे नाव ठेवणाऱ्या प्रत्येकाला विचारा की जुने नाव काय होते आणि ते ठेवणारी माणसे आता कुठे आहेत. या दोन प्रश्नांनी भल्याभल्यांच्या कपाळावर घाम येतो.

चौथे, आपापसात 'घाटी' आणि 'कोकणी' हे शब्द शिवी म्हणून वापरणे आजपासून बंद. मालकांना ही फूट हवीच होती. वरचा माणूस आणि खालचा माणूस एकाच डोंगराचे. वाघजाईचा घाट दोघांना जोडण्यासाठीच तुडवला गेला, मुळशीचे पाणीही दोघांच्या मुलखातून गेले, आणि गिरणीचा भोंगाही दोघांसाठी एकदमच वाजला.

बंधूंनो, खिंड लढवणे हा शब्द आपला आहे. त्याचा अर्थ सांगायला कुणी मास्तर नको. जागा अरुंद असते, माणसे थोडी असतात, समोर फौज मोठी असते. पण जागा आपल्या ओळखीची असते, हेच आपले बळ. ती ओळख नावांत आहे. ती विसरू नका, पोरांना सांगा, आणि गावी जाल तेव्हा खिडकीपाशी बसा. सुकेळी खिंड आली की शेजारच्याला हलवून तिचे नाव मोठ्याने सांगा.

जय महाराष्ट्र!